आडवा नांगर, उभा नाखवा

रविवारचे शब्दकोडे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे मानणाऱ्यांनी शिडाच्या जहाजांवर बेतलेले कोडे एकदा कारंज्यात बसून सोडवून पाहावे. कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. समुद्र पश्चिमेचा धरा की पूर्वेचा, नकाशावर पट्टी ठेवली तरी अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. संत्री, कपाशी आणि तुरीच्या या मुलखात असे कोडे माझ्यापुढे आले आणि पहिलाच आडवा शब्द विचारता झाला: 'जहाजाला जागच्या जागी धरून ठेवणारा', अक्षरे तीन.

नांगर! आमच्याकडे नांगर भुई उलथीत पुढे जातो. तिकडे तो तळाशी रुतून बसतो. त्याच घरातून उभा शब्द निघत होता, 'होडीचा धनी', म्हणजे नाखवा. आता पंचाईत अशी की, घर एक. त्यात 'नां' लिहायचे की 'ना'? आर्थर विन यांनी डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिले इंग्रजी कोडे छापले, तेव्हा काना-मात्रा-वेलांटीचा हा जाच त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मराठी कोडेकार अनुस्वाराकडे सरळ काणाडोळा करतात. मला ते पटत नाही. पण तेवढी सवलत दिली नाही, तर मराठीत कोडे रचणेच अवघड होईल हेही खरे.

काही उत्तरे मात्र समुद्र न पाहता येतात. 'रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे वारे' हे भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे. शाळेतले पोरही सांगेल. कान्होजी आंग्र्यांचा किताब? सरखेल. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडाच्या ज्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, ती गोव्यात बांधलेली म्हादेई. आणि सुकाणू तर आम्हांला राजकारणाने शिकवले. २०१७ च्या शेतकरी संपातही 'सुकाणू समिती' होतीच! बैठकीला बसलेल्यांपैकी किती जणांनी खरे सुकाणू हाताळले असेल, हे विचारू नये.

अडलो तो 'होडीचा पुढचा भाग' या दोन अक्षरांपाशी. उत्तर निघाले नाळ. मला नाळ ठाऊक ती बाळाची, फार तर गावाशी जोडलेली. कोळीवाड्यातल्या माणसाला यात कोडे कसले? तो रोज तिच्याकडे पाहतो.

माझी तक्रार आहे ती इथे. किनाऱ्यावरचे शब्द आम्ही कोश उघडून शोधावेत, यात आनंदच आहे. पण आमच्या शेतातले शब्द अलिबागच्या वाचकाने शोधावेत, असे कोडे कितीदा येते? वखर, डवरा, तिफण, कासरा हे शब्द अजून तोंडात आहेत. शिडांच्या जागी इंजिने आली, तशी बैलांच्या जागी ट्रॅक्टर येत आहेत. अवजार गोठ्याच्या आढ्याला टांगले गेले की त्याचे नावही हळूहळू तोंडातून जाते. तेव्हा कोडेकारांनी एखादा रविवार वऱ्हाडी-झाडी शिवारालाही द्यावा, आणि उत्तरांसोबत प्रत्येक शब्दाचा अर्धी ओळ अर्थ छापावा. नुसत्या उत्तराने शब्द कळत नाही.

सुरुवात मी करून देतो. वखर आडवा, डवरा उभा. 'व'वर दोघे बिनतक्रार छेदतात, अनुस्वार आड येत नाही.