तयार पॅकेज कीं स्वहस्तें कंपाइल?

आमच्या वाचकांच्या घरांतून हल्लीं एक नवाच वाद ऐकूं येतो. महाविद्यालयांत जाणारे चिरंजीव घरच्या संगणकावर लिनक्स घालतात आणि म्हणतात कीं, प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मूळ लेखनापासून, म्हणजे सोर्स कोडपासून, स्वतः कंपाइल करूनच घ्यावा. दुसऱ्यानें बांधून ठेवलेलें पॅकेज उचलणें हा आळस होय. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार चालतात आणि तीन पिढ्यांचीं छायाचित्रें सांठविलेलीं आहेत, त्यावर असले प्रयोग नकोत. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु वादाचें मर्म श्रम आणि आळस यांत नसून विश्वास कोणावर व कशाच्या आधारें ठेवावा यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम भेद काय तो पाहूं. प्रोग्रॅम लिहिणारा माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. तें लेखन यंत्राच्या भाषेंत उतरविण्याचें काम कंपायलर करतो. मुक्त सॉफ्टवेअरचें मूळ लेखन पाहण्याची, बदलण्याची व पुन्हां वाटण्याची मोकळीक सर्वांस असते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती या हक्कासाठींच. पुढें १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं डेबियनचा पाया घातला. हजारों प्रोग्रॅम कंपाइल करून, एकमेकांशीं जुळवून, सहीशिक्क्यानिशीं एका भांडारांत ठेवण्याचें काम डेबियनचे स्वयंसेवक तेव्हांपासून करीत आले आहेत. या भांडारांतील जिन्नस म्हणजेच पॅकेज.

कोणी म्हणेल, घरच्या जात्यावर दळलेल्या पिठाची सर विकतच्या पिठास येत नाहीं. खरें, परंतु पीठ एकदां दळलें म्हणजे काम संपतें, प्रोग्रॅमचें तसें नाहीं. त्यांत पुढें दोष सांपडतात आणि ते वेळींच बुजवावे लागतात. २०१४ सालच्या एप्रिलमध्यें, इंटरनेटवरील गुप्त व्यवहार ज्याच्या आधारें चालतात त्या ओपनएसएसएलमध्यें ‘हार्टब्लीड’ नांवाचें भगदाड उघडकीस आलें. डेबियननें त्याच दिवशीं दुरुस्त पॅकेज भांडारांत ठेवलें. वापरणारानें अद्ययावत करण्याची एक आज्ञा दिली कीं काम झालें. ज्यांनीं तें स्वहस्तें कंपाइल केलें होतें, त्यांस ती बातमी स्वतःच राखून पुन्हां सारी बांधणी करणें प्राप्त होतें. शिवाय वेळेचाही प्रश्न आहेच. सारें कांहीं आपल्या यंत्रावर कंपाइल करण्याबद्दल जेंटू ही लिनक्सची शाखा प्रसिद्ध. मोठा ब्राउझर असा बांधावयाचा म्हणजे साध्या संगणकास तासन् तास लागतात. त्या जेंटूनेंही २०२३ सालच्या डिसेंबरांत तयार पॅकेजें मोठ्या प्रमाणावर देण्यास आरंभ केला.

मग तयार पॅकेज निर्धोक समजावें काय? तसेंही नाहीं. २००६ सालीं डेबियनच्या एका पॅकेजकारानें ओपनएसएसएलच्या लेखनांतील दोन ओळी सदोष समजून निकामी केल्या. हेतु चांगला होता. परिणाम असा झाला कीं, गुप्त किल्ल्या बनवितांना जो अनंत यादृच्छिकपणा हवा तो जवळजवळ नाहींसा झाला. एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या पाहूं गेल्यास त्या अवघ्या ३२,७६८ संभवत होत्या, म्हणजे चोरानें त्या सर्व लावून पाहाव्या इतक्या थोड्या. हा दोष २००८ सालच्या मेमध्यें जाहीर झाला; तोंपर्यंत डेबियन व त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या लोकांनीं दीड वर्षाहून अधिक काळ तशाच किल्ल्या वापरल्या. मूळ लेखन जसेंच्या तसें कंपाइल करणारे मात्र यांतून बचावले.

हें ऐकून चिरंजीवांनीं विजय मानण्याचें कारण नाहीं. २०२४ सालच्या मार्चमध्यें आन्द्रेस फ्रॉयन्ड या अभियंत्यास दिसलें कीं, एसएसएच नांवाच्या साधनानें संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो. एवढ्याशा सुतावरून त्यांनीं जो स्वर्ग गांठला तो भयंकर होता. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनांत, विश्वास संपादून संचालक बनलेल्या एका टोपणनांवी व्यक्तीनें चोरदरवाजा ठेवला होता. त्याला जागें करणारा तुकडा सर्वांस दिसणाऱ्या लेखनसंग्रहांत नव्हता. प्रसिद्ध केलेल्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यांतच तो होता. गठ्ठा उतरवून घेणारांपैकीं तो ओळीनिशीं वाचणारे कितीसे असतील? केन थॉम्पसन यांनीं तर १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखविलें होतें कीं, लेखन निर्मळ असूनही खुद्द कंपायलरच त्यांत विष कालवूं शकतो.

तात्पर्य, केवळ आपल्या हातानें कंपाइल केल्यानें विश्वासाचा प्रश्न सुटत नाहीं, आणि केवळ दुसऱ्याच्या सहीनेंही सुटत नाहीं. यावर निघालेला उपाय आम्हांस फार समंजस वाटतो. एकच लेखन निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या यंत्रांवर कंपाइल केलें असतां अक्षरशः तेंच पॅकेज निघालें पाहिजे, असा हा दंडक. तारीख, वेळ, फायलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टींनींही फरक पडत असे. ते फरक काढून टाकण्याचें काम डेबियननें २०१३ सालापासून चिकाटीनें चालविलें आहे. असें झालें म्हणजे एकानें बांधलेलें पॅकेज दुसऱ्यास ताडून पाहतां येतें, आणि थोडे कंपाइल करणारे पुष्कळ न करणारांचे राखणदार होतात.

घरापुरता आमचा सल्ला असा. नित्याचे प्रोग्रॅम आपल्या लिनक्सच्या अधिकृत भांडारांतूनच घ्यावे आणि अद्ययावत करण्यास टाळाटाळ करूं नये. अनोळखी ठिकाणचें पॅकेज, तें तयार असो वा मूळ लेखन असो, घरांत आणूं नये. हवी ती आवृत्ति किंवा सोय भांडारांत नसेल, अथवा शिकण्याची हौस असेल, तर अवश्य कंपाइल करावें. मात्र तें साध्या खात्यांतून करावें, स्थापनेपुरताच प्रशासकाचा अधिकार वापरावा, आणि प्रोग्रॅम ‘यूएसआर लोकल’ या वेगळ्या कप्प्यांत ठेवावा. काय, कोठून व केव्हां घातलें याची नोंद एका वहींत असावी. चिरंजीव परगांवीं शिकावयास गेल्यावर त्या यंत्राची निगा घरांतील दुसऱ्या कोणास घ्यावी लागेल, तेव्हां त्या वहीची किंमत कळेल.