टरफल फोडण्याची घाई नको



अंबरनाथच्या आमच्या वस्तीत एका भगिनीने थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून अंडी उबवायला घेतली. दुकानातली पोल्ट्रीची अंडी चालत नाहीत, कारण तिथे कोंबडा नसतो. म्हणून बदलापूरकडच्या खेड्यातून गावठी अंडी आणली. ऊब ३७.५ अंश, शेजारी पाण्याची वाटी. अंडी दिवसातून ३ वेळा फिरवायची. ७ व्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडात धरली, तर आत लाल शिरांचे जाळे दिसले! १८ व्या दिवसानंतर फिरवणे बंद, ओलावा मात्र वाढवायचा. मध्ये वीज गेली तेव्हा बाईंनी पेटी न उघडता गोधडीत गुंडाळून ठेवली.

२१ व्या दिवशी एका अंड्याला भोक पडले. पिल्लू तासन्‌तास तसेच. आम्हाला राहवले नाही. "अरे, मदत कर त्याला," असे आम्हीच त्यांच्या मुलाला म्हणालो. त्याने टरफल सोलले, रक्त आले, पिल्लू गेले. पोर दिवसभर जेवले नाही. थांबलेले पिल्लू अडकलेले नसते. आतल्या शिरांचे रक्त आणि उरलेला बलक ते पोटात घेत असते, हे आम्हाला मागाहून कळले. बाकीची पिल्ले आपणहून बाहेर आली.

सेख सुत्तात भन्ते आनंदांनी हाच दृष्टान्त दिला आहे. कोंबडीने नीट उबवले असेल, तर पिल्ले स्वतःच्या नखांनी, चोचीने सुखरूप बाहेर येतात. मुलांच्या अभ्यासाचेही तसेच. रात्री त्यांच्याजवळ बसावे, टीव्ही बंद ठेवावा. गणित मात्र त्यांनाच सोडवू द्यावे. जयभीम!