आधी कागद, मग काम

आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी आज शिकता शिकता वेबसाइट तयार करून देण्याचे काम करतात. मीही त्यांपैकीच एक. कोचिंग क्लास, मंगल कार्यालय, साड्यांचे दुकान, वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांना गाडी पुरवणारे व्यावसायिक अशी गिऱ्हाइके आपल्या शहरात भरपूर आहेत. जुना संगणक आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर हा धंदा सुरू होतो. परंतु टिकत मात्र नाही. दोन-तीन कामांनंतर मुले तो सोडून देतात आणि विचारले तर सांगतात, ‘पैसे बुडाले’ किंवा ‘काम संपतच नव्हते’. दोष गिऱ्हाइकाचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे मत थोडे वेगळे आहे. ह्या भांडणांचे मूळ बहुधा लबाडीत नसते; काम सुरू होण्यापूर्वी जे बोलायला हवे, ते कोणीच बोलत नाही, ह्यात असते.

का बोलत नाही? मोठ्या माणसापुढे पैशाची गोष्ट काढू नये, लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला तर हे फारच जड जाते. ‘बेटा’ म्हणणाऱ्या काकांकडे ॲडव्हान्स कोणत्या तोंडाने मागायचा? एका क्लासचालकांसाठी मी पाच पानांची वेबसाइट केली. लेखी ठरवू या म्हटले, तर ‘आपल्यात कसला कागद?’ असे म्हणून ते हसले. पुढे गुणवंतांचे फोटो आले, मग नवी शाखा आली, मग प्रवेश अर्ज आला. आणि दर वेळी ‘एवढंच राहिलंय, बेटा’. ठरलेल्या ४,५०० रुपयांपैकी १,५०० अजून यायचे आहेत. माझ्या दृष्टीने ती परीक्षा फीची रक्कम आहे. तरीही मी त्यांना लबाड म्हणणार नाही. काम कुठे संपते हे दाखवणारी रेघच नसेल, तर ती ओलांडली हे त्यांना तरी कसे कळावे?

ही रेघ कशी आखायची ते शिकायला दूर जाण्याची गरज नाही. माझे वडील वाळूज औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला आणि सुटे भाग करून देणारी कितीतरी लहान वर्कशॉपे त्या परिसरात उभी राहिली. ड्रॉइंग आणि पर्चेस ऑर्डर हाती आल्याशिवाय तिथे जॉब मशीनवर चढत नाही. ड्रॉइंगवर माप असते, मापात किती फरक चालेल तो टॉलरन्स असतो. ड्रॉइंग बदलले की त्यावरचा रिव्हिजन नंबरही बदलतो. पहिला नग तपासून मंजूर झाला की मगच पुढचे नग निघतात. माल पोचला की चलनावर सही होते. ह्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग तीच शिस्त मुलांनी संगणकावर पाळली तर ती उद्धटपणा का ठरावी?

आपल्या कामाचे ड्रॉइंग म्हणजे पहिली भेट. वेबसाइट कोणासाठी हवी, ती पाहून माणसाने काय करावे, फोन करावा की पत्ता शोधत यावे, हे आधी विचारावे. मजकूर व फोटो कोण देणार आणि कोणत्या तारखेला, हे ठरवावे. माहितीपत्रक श्रीलिपीत टाइप केलेले असते, उरलेला मजकूर व्हॉट्सॲपवर आवाजात येतो. तो युनिकोडमध्ये आणणे हेसुद्धा कामच आहे, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागते. दुरुस्त्या किती वेळा हे ठरवणे म्हणजे आपला टॉलरन्स. शेठजी, त्यांचे बंधू आणि चिरंजीव ह्यांपैकी शेवटचा शब्द कोणाचा, तेही विचारून घ्यावे. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यावे आणि दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च येतो हे पहिल्याच दिवशी सांगावे. मुखपृष्ठ मंजूर झाल्यावरच पुढची पाने करावीत. फोनवर काही ठरले, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवाव्यात. आणि ॲडव्हान्स? जमिनीच्या व्यवहारात इसार देणे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. तोच हा इसार.

कायदाही आपल्या विरुद्ध नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. परंतु तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. ‘उद्यम’ नोंदणीला शुल्क पडत नाही. ती काम घेण्यापूर्वीच केलेली बरी.

कागद पुढे केला तर गिऱ्हाईक पळेल, असे माझ्या मैत्रिणी म्हणतात. काही पळतील, हे खरे. पण हा कागद गिऱ्हाइकाचेही रक्षण करतो. परीक्षा जवळ आली की फोन बंद करणारे आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवणारे आपल्यातही आहेत. कागदावर आपलीही सही असते, आपलीही तारीख असते. तो दोघांनाही सारखाच बांधतो, म्हणूनच त्यात अविश्वास नाही.

शेवटी एक विनंती, प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ह्याचा आपल्याला आनंद आहे. परंतु ज्या भाषेत आपण गिऱ्हाइकाशी बोलतो, त्याच भाषेत त्याच्याशी करार लिहिता येऊ नये, हे काही भूषणावह नाही. व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्ज आणि इतिवृत्त शिकवले जाते, तसा कामाचा एक पानी करारही शिकवला जावा. तो गुलमंडीवरच्या दुकानदाराला एका वाचनात कळेल इतका सोपा असावा. कला शाखेला विचारले जाते, ‘हे शिकून करणार काय?’ निदान एवढे तरी करू: जे ठरले ते दोघांनाही समजेल असे लिहून काढू. इंग्रजी नमुने उतरवून घेणाऱ्यांपेक्षा हे काम आपल्याला अधिक चांगले जमेल, असा माझा विश्वास आहे.