घाम गळतो, चरबी उरते



बेळगाव-निपाणीकडे पहाटे धावणारे, जिममध्ये घाम गाळणारे आता पुष्कळ दिसतात. त्यांतल्या कुणाचे पोट कमी झाले नाही, की चर्चच्या अंगणात "जिभेवर ताबा नसेल" असा शेरा ऐकू येतो. माझ्या मते हा शेरा अन्यायाचा आहे.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळे तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, स्नायू कमी. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. त्या बाळांनी कोणता आळस केला होता? हे संशोधक याचा संबंध मातांच्या पोषणाशी जोडतात. आई-आजीने काढलेली उपासमारही देहात उतरते ती अशी.

व्यायाम सोडू नये. वजन हलले नाही तरी हृदयाला फायदा होतो, रक्तातली साखर आवाक्यात राहायला मदत होते. पण संत पौलाने देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, तेव्हा कंबरेचे माप लावले नव्हते. आपणही लावू नये. शेरा मारण्याऐवजी उद्या पहाटे त्या भावाबरोबर, त्या बहिणीबरोबर चालायला निघू या.