दुबईतील घर आणि पेढीची तिजोरी

व्यापारी कुटुंबात पेढी आणि घर यांचे हिशेब निराळे असले, तरी व्यवहार एकमेकांत मिसळलेला असतो. लग्नकार्याला पेढीतून उचल होते, हंगामात पेढीला घरातून रक्कम येते आणि वर्षाअखेरीस सारे जुळवून घेतले जाते. गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी येथील अनेक पेढ्या अशाच परस्परविश्वासावर वाढल्या. मात्र हीच सवय दुबईत घर घेताना अंगाशी येऊ शकते. तसा विचार आपल्यापैकी काहींच्या मनात असतो. म्हणून आज हा विषय.

दुबईने २००६ सालच्या सातव्या कायद्याने ठरावीक भागांत परदेशी व्यक्तींना घराची पूर्ण मालकी देऊ केली. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ग्राहकांचे पैसे स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवण्याचे बंधन २००७ साली विकासकांवर आले. नोंदणीसाठी किमतीच्या ४ टक्के शुल्क भरावे लागते. तेथील व्यवस्था इतकी सुटसुटीत आहे, की खरा प्रश्न तिकडचा नसून इकडचा आहे, याचा विसर पडतो.

हा इकडचा प्रश्न म्हणजे पैसा कोणाचा? रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठविता येतात. येथे ‘व्यक्ती’ हा शब्द महत्त्वाचा. भागीदारी पेढी, कंपनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ही योजना खुली नाही. म्हणून पेढीतील पैसा आधी नफ्यातील वाटा, वेतन वा भांडवलातील उचल म्हणून रीतसर भागीदाराच्या वैयक्तिक खात्यात यावा, कर भरलेला असावा आणि मगच त्याच्या पॅनवर तो बाहेर जावा.

एक उदाहरण पाहू. घराची किंमत २० लाख दिरहम आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर १९९७ पासून स्थिर असल्याने ही रक्कम सुमारे ५,४४,६०० डॉलर होते. एकाच वर्षात ती पाठवायची, तर किमान तिघांची मर्यादा लागेल. नातेवाइकांनी मर्यादा एकत्र करण्यास मुभा आहे. परंतु ज्याच्या मर्यादेतून पैसा गेला, तो त्या मालमत्तेचा सहमालक असला पाहिजे. ‘सूनबाईंची सही फक्त अर्जापुरती’ असे येथे चालत नाही. तिचे नाव दस्तात येते आणि तो हिस्सा खरोखर तिचाच होतो. पुढे भाऊ वेगळे झाले वा घर विकायचे ठरले, तर तिच्या संमतीवाचून पान हलणार नाही. हे सर्वांनी आधी एकत्र बसून मान्य करावे.

पैसे पाठविताना बँक १० लाखांवरील रकमेवर २० टक्के कर गोळा करते. प्रत्येक व्यक्तीची ही मर्यादा वेगळी मोजली जाते. एकाने ६० लाख पाठविले, तर १० लाख रुपये जास्तीचे हाताशी ठेवावे लागतील. ती रक्कम विवरणपत्रात वळती होते वा परत मिळते. पण तोवर खेळते भांडवल अडकते.

खरा मोह होतो तो ताबा मिळाल्यावर. स्वयंपाकघर बदलायचे, फरशी नवी घालायची, कपाटे करायची. ‘तिकडचा ओळखीचा व्यापारी कंत्राटदाराला देईल, आपण इथे रोखीने फेडू’ हा मार्ग सोपा भासतो. त्याचे नाव हवाला. फेमा कायद्यान्वये त्यास रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दुरुस्तीचा पैसाही बँकेतूनच जावा. तो त्याच वार्षिक मर्यादेत मोजला जातो. पाठविलेली रक्कम खर्ची पडली नाही, तर १८० दिवसांत परत आणावी लागते, म्हणून अंदाजपत्रक आधी घ्यावे.

खरेदीनंतर प्रत्येक सहमालकाने आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर दाखवावे, मग भाडे येवो अथवा न येवो. न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. दुबईत घरभाड्यावर वैयक्तिक आयकर नाही. निवासी भारतीयाला मात्र ते उत्पन्न येथे करपात्र आहे.

शेवटचा मुद्दा वारशाचा. आपल्याला लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आई, पत्नी, मुलगे आणि मुली समान वारस आहेत. संयुक्त अरब अमिरातीने मुस्लिमेतरांसाठी केलेल्या आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यात, मृत्युपत्र नसल्यास, अर्धा हिस्सा पती वा पत्नीला व उरलेला अर्धा मुलामुलींना समान असा नियम आहे. मुले असतील, तर त्या वाटणीत आई येत नाही. ज्या घरात वृद्ध माता मुलावर अवलंबून आहे, तेथे हा फरक किरकोळ नव्हे. तेव्हा घराच्या किल्ल्या हाती येताच मृत्युपत्र करून तेथे नोंदवावे.

पेढीत तोंडी शब्दाला मोल असते, ते असावेच. परदेशातील घर मात्र बँकेचा कागद, दस्तावरील नाव आणि मृत्युपत्र या तीनच साक्षीदारांना ओळखते. बयाणा देण्यापूर्वी सनदी लेखापालासमोर घरातील सर्वांनी एक संध्याकाळ बसावे. तो वेळ सत्कारणी लागेल.