इतर हक्क

आमची शेती सहा एकर. कागदावर ती दोन गट नंबरांत आहे, घरात तिला चार नावं आहेत. चिंचेचं, पांदीचं, लवणातलं आणि मुरमाड. पाऊस थांबला की मुरमाडात दुसऱ्या दिवशी वाफसा येतो, लवणातल्यात आठ-आठ दिवस पाय टाकता येत नाही. चिंचेच्या बांधावर घोणस निघते, म्हणून तिथं खुरपताना आधी काठी आपटायची. हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही. शाळेच्या रविवारी खुरपं घेऊन जाता जाता ते अंगात गेलं.

मी लातूर जिल्ह्यातली. वय पंचवीस, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी वडील गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले, त्याच संध्याकाळी चुलत्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "मग बाई, सही कवा करायलीस?"

कसली सही, हे गावाकडच्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. हक्कसोडपत्र. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि बहिणी अशी वारसनोंद होते, आणि मग बहिणींनी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा असतो. सगळ्या सोडतात. माझ्या आत्याने सोडला, मावश्यांनी सोडला. साडी-चोळी होते, बाहेर एखादं जेवण होतं, विषय संपतो.

आता मला ज्यांच्याशी भांडायचंय ते लोक. आपल्याकडे 'मातीची ओढ' हा एक साहित्यप्रकारच झालाय. लेख झाले, कविता झाल्या, आता रील्स. वरून ड्रोन फिरतो, खाली हिरवंगार रान, मागे सनई, आणि खाली ओळ, की शेवटी गाव ते गावच. दरवेळी मी बघते की हे कुणी केलंय. जवळजवळ दरवेळी मुलगाच असतो. त्याचा गाव त्याची वाट बघत असतो. तो पुण्यात रमला, अमेरिकेत गेला, दहा वर्षं बांधाला पाय लागला नाही, तरी त्याचं नाव सातबाऱ्यावर शाबूत असतं. अशा माणसाला ओढ परवडते. जमिनीला 'काळी आई' म्हणणारेही हेच. आई म्हणायचं आणि तिच्या लेकींना विचारायचं, तुला काय करायचंय जमीन घेऊन?

मी चौथीत असल्यापासून ऐकतेय की हे घर माझं नाही. भांडी नीट घासली नाहीत तर 'सासरी काय करशील', झाडावर चढले तर 'सासरी काय म्हणतील'. म्हणजे मी ज्या गावात मोठी झाले त्या गावात पाहुणी होते, आणि जिथली म्हणून मला घडवलं जात होतं ते गाव अजून ठरलेलंही नव्हतं. पण कामाला मात्र मी इथलीच होते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहरात पाणी आलं, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. आमच्या गावाला टँकर होता. मी दहावीची सुट्टी घागरीबरोबर काढली. कुठला बोअर आधी आटतो, कुणाच्या विहिरीवर कुणाला हटकतात, हे त्या उन्हाळ्यात मला आमच्या दादापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याच्याकडे मोटारसायकल होती. पाणी डोक्यावरून आणणाऱ्यालाच अंतर कळतं.

आणि येळवस. आमच्या भागाबाहेरच्यांना हा सण माहीत नसतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. लातूर शहरात त्या दिवशी रस्ते ओस असतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड रंगवून पांडव मांडायचे, पूजा करायची, रानभर आंबील शिंपायची आणि मग ज्याच्या-त्याच्या शेतात जाऊन जेवायचं. त्याआधीची रात्र बायांची असते. भज्जीसाठी ओले दाणे सोलायचे, पालेभाज्या निवडायच्या, बाजरीचे उंडे उकडायचे, ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील लावायची. आई पहाटे तीनला उठते. वर्षातून एक दिवस जमिनीची पूजा होते, आणि ती जेवते बायांच्या हातचं. पूजेला मात्र बसतो खातेदार.

खातेदार हा शब्द मी मुद्दाम वापरला. जुने सातबारे काढून बघा, आता मोबाईलवर मिळतात. आजोबा गेल्यावरच्या नोंदीत चुलते आणि वडील भोगवटादार आहेत. आत्याचं नाव बाजूच्या रकान्यात आहे, 'इतर हक्क' असं त्या रकान्याचं नाव. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवलेला आहे. बहीण आणि बोजा एकाखाली एक. पुढे बोजा फेडला आणि कमी केला. मग आत्याने सही केली, तीही कमी झाली. आमच्या एकट्यांच्याच घरात असं झालं म्हणावं, तर तसंही नाही. जुन्या उताऱ्यांत आया-बहिणींची नावं याच रकान्यात ढकलण्याची चालच होती.

कायदा केव्हाच बदललाय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे देशाच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. लग्न आधीच झालेल्यांना मात्र वगळलं. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात ही अट नव्हती. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. आणि तरी २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायांची. कायद्याने दिलेलं साडी-चोळीवर परत घेता येतं, तेही कायदेशीरपणे.

चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने बायांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे केली. एवढी मोठी गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही. पण तिथेही नाव लागलं ते लक्ष्मीचं, म्हणजे सुनेचं. लेक राहिलीच.

माझ्याविरुद्धचे मुद्दे मला पाठ आहेत. जमिनीचे तुकडे होतील. होतील, पण दोन भावांत होतात तेव्हा त्याला वाटणी म्हणतात, बहीण आली की तुकडे. तुझ्या लग्नाला खर्च होईल. मग तो करू नका. आईवडिलांना भाऊ सांभाळतो. वडिलांच्या आजारपणात दवाखान्याचे हप्ते कुणाच्या पगारातून गेले ते दादाला विचारा, तो खोटं बोलणार नाही. माहेर तुटेल. हा एकच मुद्दा खरा आहे, आणि त्यात धमकी आहे हे कुणी कबूल करत नाही.

दरम्यान सगळ्यांची तक्रार, की पोरींना शेतकरी नवरा नको. डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमलेल्या तरुणांनी सोलापुरात नवरदेवाच्या वेशात मोर्चा काढला, तेव्हा आमच्या ग्रुपवर खूप हशा झाला. मला हसू आलं नाही. माझा भाऊ एकोणतीसचा आहे, दोन स्थळं शेतीवरून मोडलीत. पण ज्या पोरीला बापाच्या रानात 'हे तुझं नाही' म्हणून वाढवलं, तिने दुसऱ्याच्या रानात जाऊन 'हेही तुझं नाही' ऐकत का राबावं?

(ज्यांच्या बापाच्याच नावे सातबारा नाही, त्या पोरींचं काय, हा प्रश्न मला माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीने विचारला. आमची खुरपणी त्यांच्याच घरची माणसं करायची. त्यांचं रान कुठलं? मला उत्तर आलं नाही.)

दादा वाईट नाही, हीच अडचण आहे. तो राबतो. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याहून कमी मिळत होते. पीककर्जाला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, मी पुण्यात, म्हणून त्याला उतारा मोकळा हवाय. कर्जाच्या कागदावर सही करायला मी कधीही येईन म्हणाले. हिस्सा सोडायच्या सहीचं अजून काही बोलले नाही. हिशेबाने माझे दोन एकर होतात. मला ते विकायचे नाहीत. पिकवणार तोच आहे. मला फक्त तिथली असायचंय, आणि ते उताऱ्यावर लिहिलेलं हवंय.

मागच्या आठवड्यात त्याने हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. लिहिणाऱ्याने लवणातल्याची चतुःसीमा टाकली होती, दक्षिणेस ओढा. मी फोन केला.

"दादा, ओढा उत्तरेला आहे. दक्षिणेला पांद हाय."

तो थोडा वेळ गप्प होता. मग हसला. "बरोबर हाय तुझं. मी वाचलंच नव्हतं. दुरुस्त करून पाठवायला सांगतो."

"घाई करू नको," मी म्हणाले. "येळवशीला येते, तवा बोलू."

"आंबील किती दिवस आधी लावायची, आई विचारायली," तो म्हणाला, आणि फोन तिच्याकडे दिला.