घन घटाचे आयुष्य आणि कॅथोडचा प्रश्न

लिथियम विद्युत्घटातील ज्वालाग्राही द्रव काढून त्याच्या जागी घन विद्युत्-विच्छेद्य बसविला, म्हणजे आग, गळती, अल्पायुष्य आणि तोकडी क्षमता या चारही तक्रारींचा एकदम निकाल लागेल, असे प्रतिपादन मोटारींच्या कारखानदारांच्या जाहीरनाम्यांतून हल्ली इतक्या आत्मविश्वासाने केले जाते की, त्यात काही गृहीत धरलेले आहे अशी शंकाही वाचकास येऊ नये. गृहीत धरलेले आहे ते असे की, कॅथोडचा प्रश्न पूर्वीच सुटलेला असून द्रवाच्या घटातील कॅथोड जसाच्या तसा उचलून घन घटात बसविता येतो. हे गृहीत चुकीचे आहे, आणि घन घटाच्या आयुष्याचा खरा जामीन कॅथोडची घडण हाच आहे, हे दाखविण्याचा येथे उद्देश आहे.

पूर्वपक्ष दुबळा आहे असे मात्र नव्हे. ऑक्सफर्ड येथे गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली सिद्ध केलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडावर सोनी कंपनीने 1991 साली हे घट बाजारात आणले. पुढे कोबाल्टाची जागा उत्तरोत्तर निकेलाने घेतली आणि क्षमता वाढत गेली. इकडे जपानमध्ये कान्नो प्रभृतींनी 2011 साली असा एक सल्फाइड पदार्थ पुढे आणला की, ज्यातून लिथियमचे आयन नेहमीच्या तापमानातही द्रवातल्याइतक्या सुलभतेने वाहतात. आयनांना वाट मिळाली, मग कॅथोडने हरकत कसली घ्यावी, असा या पक्षाचा सवाल आहे.

याचे उत्तर असे की, आयन वाहून नेणे हे द्रवाचे एकमेव काम कधीच नव्हते. लिथियम बाहेर पडताना आणि आत शिरताना कॅथोडचे कण आकसतात व फुगतात. निकेलबहुल ऑक्साइडाचे घनफळ तर पूर्ण भारित होईपर्यंत पाच टक्क्यांहूनही अधिक घटू शकते. अशा वेळी पडलेल्या फटीत द्रव आपोआप शिरतो. घन पदार्थाला ही मुभा नाही. चुन्याच्या भिंतीत बसविलेली लाकडी चौकट पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसली की भोवतीचा गिलावा जसा सुटतो, तसा कण आणि विच्छेद्य यांचा संपर्क सुटतो, आणि सुटलेला कण शाबूत असूनही घटाच्या हिशेबातून बाद होतो. जर्मनीतील गीसन येथे यानेक यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली हेच दाखवून दिले: निकेलबहुल कॅथोडचे कण पहिल्याच भारणात आकसून विच्छेद्यापासून विलग होतात, आणि त्यामुळे क्षमतेचा काही भाग कायमचा गमावला जातो.

यावर प्रतिपक्षाकडून तीन उपाय रुजू केले जातात. पहिला लेपाचा. लिथियम नायोबेटाचा अतिसूक्ष्म थर कणांवर चढविल्यास सल्फाइड आणि ऑक्साइड यांच्यातील रासायनिक कलह शमतो, हे जपानी संशोधकांनी 2007 च्या सुमारास सिद्ध केले, आणि त्या शोधाचे मोल वादातीत आहे. परंतु लेप आकसणे थांबवीत नाही. बहुस्फटिकी कण आतून तडकला की उघडा पडलेला नवा पृष्ठभाग लेपाविनाच राहतो. दुसरा उपाय दाबाचा. प्रयोगशाळेत असे घट पुष्कळदा कित्येक मेगापास्कल दाबाखाली चालविले जातात, आणि एक मेगापास्कल म्हणजे सुमारे दहा वातावरणांचा दाब होय. तो मोटारीत कायम राखावयाचा तर त्यासाठी लागणारी पोलादी चौकट घटाने वाचविलेले वजन पुन्हा पदरात घालील. तिसरा दाखला पॅरिसचा. 2011 साली तेथे भाड्याने धावू लागलेल्या ‘ब्लूकार’ मोटारींत द्रवरहित घट होते, आणि कॅथोड होता परिचित लोह फॉस्फेटाचा. दाखला खरा आहे. पण तेथील विच्छेद्य मऊ बहुवारिकाचा होता, तो कामाजोगा राहावा म्हणून घट सतत तापलेले ठेवावे लागत, आणि उच्च विभवाचा कॅथोड त्याला सोसत नसे. ज्या कडक विच्छेद्यांवर आजच्या आशा उभ्या आहेत, त्यांना हा दाखला लागू होत नाही.

तेव्हा सिद्धान्त असा की, घन घटाचा कॅथोड निवडताना त्यात किती लिथियम मावते याइतकेच, ते जाता-येताना त्याचा देह किती स्थिर राहतो, हे पाहिले पाहिजे. याला आता भक्कम आधारही मिळाला आहे. योकोहामा येथे याबुउची यांच्या मंडळीने 2022 च्या अखेरीस लिथियम, टायटॅनियम आणि व्हॅनेडियम यांचा असा ऑक्साइड प्रसिद्ध केला की, त्यातून लिथियम निघताना होणारे आकुंचन व्हॅनेडियमचे आयन आपली जागा बदलून भरून काढतात आणि एकूण घनफळ जवळजवळ अचल राहते; ग्रॅममागे सुमारे 300 मिलिअँपिअर-तास क्षमता देऊनही घन घटात 400 चक्रांपर्यंत त्याची झीज दिसली नाही. चीनमधील चिंगदाओ येथे 2024 साली याहून धीट मार्ग चोखाळला गेला: आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही स्वतःच वाहून नेणारा कॅथोड घडवून त्यातील पूरक पदार्थच वगळण्यात आले, घनफळातील फरक 1.2 टक्क्यांवर आला आणि 20,000 चक्रांनंतरही सुमारे 70 टक्के क्षमता उरली.

या पदार्थांत उणिवा नाहीत, असा दावा कोणी करू नये. व्हॅनेडियमाच्या कॅथोडचा विभव निकेलाच्या कॅथोडपेक्षा कमी आहे. चिंगदाओच्या पदार्थात जर्मेनियमसारखे महाग मूलद्रव्य पडते. परंतु या अडचणी मूल्याच्या आणि प्रमाणाच्या आहेत, व पर्यायी मूलद्रव्ये शोधून त्या कमी करण्यास वाव आहे. उलट निकेलाच्या आकसण्याचे मूळ त्याच्या स्फटिकरचनेतच असल्याने त्यावर बाहेरून केलेला इलाज अपुराच ठरतो.

म्हणून पुढच्या वेळी अशा घटाची घोषणा वाचनात येईल, तेव्हा वाचकाने क्षमतेच्या आकड्याने हुरळून न जाता आधी एवढे विचारावे: किती चक्रे, किती दाबाखाली, कोणत्या तापमानात? या तिन्हींचा खुलासा न करणारी घोषणा विश्वासास पात्र नाही.